पाण्याच्या हौदापाशी पाऊण तास

प्रश्न : माझा मुलगा साडेसात वर्षांचा आहे आणि मुलगी साडेतीन वर्षांची. गेल्या मे महिन्यात आम्ही दोघांना घेऊन एका मोठ्या शहरातल्या, मुलांनी वस्तू हाताळून पाहायच्या संग्रहालयात गेलो होतो. तिकिटे, रिक्षा, खाणे धरून चांगलाच खर्च झाला. मुलगी शिरल्या शिरल्या पाण्याच्या हौदापाशी जी उभी राहिली, ती पाऊण तास तिथून हललीच नाही. फ्रॉक ओलाचिंब झाला आणि आम्ही तिला उचलून पुढे नेले तेव्हा तिने असे भोकाड पसरले की उरलेली दालने धड पाहताच आली नाहीत. मुलाचे अगदी उलट. प्रत्येक यंत्राचे बटण दाबायचे आणि काय होते ते पाहायच्या आत पुढच्याकडे धावायचे. माझे पती वैतागले. पाण्यातच खेळायचे होते तर घरची बादली काय वाईट होती, असे म्हणाले आणि मला त्यांचे म्हणणे खोडता आले नाही. आता दिवाळीच्या सुटीत आम्ही माझ्या भावाकडे ठाण्याला जाणार आहोत आणि मुंबईत मुलांना असेच काही दाखवावे असे मनात आहे. सासूबाईही बरोबर असतील. त्यांचे माहेर परळचे, वय बहात्तर, गुडघे दुखतात. धाकटीला मामाकडे ठेवून जावे का? आणि मुले काही शिकून यावीत यासाठी आधी कोणती तयारी करून घ्यावी?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, धाकटीला मामाकडे ठेवू नका. त्या दिवशी तुम्हा चौघांपैकी संग्रहालयाचा पुरेपूर उपयोग केला तो तिनेच, आणि नेमके तिलाच मागे ठेवण्याचा विचार तुमच्या मनात आला आहे, म्हणून हा मुद्दा आधी निकालात काढते.

मी सत्तावीस वर्षे बालवाडीत शिकवले, त्यामुळे साडेतीन वर्षांचे मूल पाण्याशी काय करते हे मला सांगता येईल. सुरुवातीला ते पाणी नुसते उडवते आणि मोठी माणसे बहुधा एवढेच पाहून तोंड फिरवतात. पाच-दहा मिनिटांनी त्याच्या हाती एखादे भांडे लागते. मोठ्या भांड्यातले पाणी लहान भांड्यात ओतले की ते सांडते आणि लहानातले मोठ्यात ओतले की ते भरतच नाही, ही गोष्ट त्याला स्वतःचा विश्वास बसेपर्यंत पुन्हा पुन्हा करून पाहायची असते. मग तळाला भोक असलेले भांडे सापडते. त्यातून पाणी गळते, भोकावर बोट दाबून धरले की थांबते, बोट काढले की पुन्हा गळते. त्यानंतर कधीतरी लक्षात येते की मधली फळी खाली सरकवली तर पाणी अडते, तुंबते, आणि फळी उचलली की खालचे चाक आधीपेक्षा जोरात फिरते. तुमची मुलगी यातल्या कोणत्या पायरीवर होती ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि खरे सांगायचे तर ते कोणी पाहिलेच नसावे, कारण अशा वेळी आपण मोठी माणसे घड्याळ पाहत असतो. रंगात आलेले काम कोणी हातातून ओढून घेतले तर तुम्ही-आम्हीही चिडतो. आपण मोठे असल्यामुळे भोकाड पसरत नाही एवढेच.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. साधारण तीन वर्षांच्या एका मुलीची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. लाकडी ठोकळ्याच्या खाचांमध्ये लहानमोठे दट्टे काढण्या-बसवण्यात ती मुलगी गढून गेली होती. तिचे लक्ष किती पक्के आहे हे पाहावे म्हणून माँटेसरींनी इतर मुलांना गाणे म्हणायला लावले आणि मग तिच्यासकट तिची खुर्ची उचलून टेबलावर ठेवली. मुलीने ठोकळा मांडीवर घेतला आणि काम चालूच ठेवले. चाळीसहून अधिक वेळा तेच ते करून झाल्यावर ती आपणहून थांबली आणि त्या वेळी दमलेली दिसण्याऐवजी झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न दिसत होती. तुमच्या मुलीला त्या मे महिन्यात आपणहून थांबण्याची वेळ येऊ शकली नाही, एवढाच काय तो फरक.

आता बादलीविषयी. तुमच्या पतींचा टोमणा मी निम्मा मान्य करते. बादली मुळीच वाईट नाही. माँटेसरींची पद्धत खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत नेताना ताराबाई मोडक महागड्या साधनांसाठी अडून बसल्या नाहीत. बोर्डीला आणि पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी खडे, शंख-शिंपले, बिया, पाने अशा आजूबाजूच्या वस्तूंवर बालवाड्या चालवल्या. तेव्हा घरी बादली, दोन डबे आणि एक जुनी गाळणी जरूर द्या. मात्र संग्रहालयातल्या हौदाचे पाणी वाहते असते, ते अडवायला फळ्या असतात आणि मुख्य म्हणजे वरच्या बाजूला एक अनोळखी मूल उभे असते, जे आपल्याला पाणी हवे असते नेमके तेव्हाच फळी खाली करून टाकते. वरच्याने पाणी अडवले की खालच्याचे काय होते, हे नाशिकच्या माणसाला मी वेगळे सांगायला नको, जायकवाडीचा विषय तुमच्याकडे दरवर्षी निघतच असेल. त्या अनोळखी मुलाशी रडून, मागून, नाहीतर देवघेव करून मार्ग काढणे हे घरच्या बादलीत शिकता येत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे तयारी करून घेण्याच्या प्रश्नाकडे वळण्याआधी ही संग्रहालये कशी निघाली ते थोडक्यात सांगते, कारण त्यातच निम्मे उत्तर आहे. केवळ मुलांसाठी म्हणून काढलेले पहिले संग्रहालय १८९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात उघडले. त्यानंतरही बहुतेक संग्रहालयांत वस्तू काचेच्या कपाटातच राहिल्या. १९६२ साली मायकेल स्पॉक बॉस्टनच्या मुलांच्या संग्रहालयाचे संचालक झाले. त्यांना स्वतःला लहानपणी वाचनाची मोठी अडचण होती, त्यामुळे फलक वाचून शिकणे सगळ्यांना जमत नाही हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू मधोमध कापून आत काय असते ते मुलांपुढे मांडले आणि हात लावू दिला. पुढे १९६९ मध्ये फ्रँक ओपनहायमर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. हे अणुबॉम्बवाल्या ओपनहायमरांचे धाकटे बंधू. राजकीय संशयापायी विद्यापीठातली नोकरी गेल्यावर त्यांनी कोलोरॅडोत गुरे पाळली आणि तिथल्या एका लहानशा गावच्या शाळेत विज्ञान शिकवले. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असे ते म्हणत. म्हणजे ही जागा ज्यांनी घडवली त्यांनी ती शाळेतून सुटका म्हणून घडवली, आणि आपण मात्र मुलांना तिथे नेताना घरून परीक्षा घेऊन जातो.

हे मी स्वानुभवाने सांगते आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी पहिली-दुसरीच्या तीसेक मुलांची सहल एका विज्ञानाच्या प्रदर्शनाला नेली होती आणि मोठ्या हौसेने वीस प्रश्नांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद प्रत्येकाच्या हातात दिला होता. मुलांनी दोन तास फलकांवरची वाक्ये उतरवून काढली. समोर फिरणाऱ्या चाकाकडे, झुलणाऱ्या लंबकाकडे मान वर करून पाहिले ते एका मुलाने, आणि तेही त्याची पेन्सिल मोडली होती म्हणून. मी त्याला दुसरी पेन्सिल दिली, याची मला अजून लाज वाटते. तेव्हा पुस्तके, चित्रफिती, प्रश्नावली यांतले काहीही आधी करून घेऊ नका. आपण जिथे जाणार आहोत तिथे वस्तूंना हात लावलेला चालतो, दुसऱ्याची पाळी असेल तर थांबावे लागते आणि हरवल्यासारखे वाटले तर आहे तिथेच उभे राहायचे, एवढे आदल्या रात्री सांगितले की पुरे.

मुलाचे धावणे मला तुमच्याइतके चिंतेचे वाटत नाही, पण त्याचे कारण समजून घ्यायला हवे. बटणावर चालणारी यंत्रे मुळातच धावायला लावतात. बटण दाबले की दिवा लागतो, चक्र फिरते, आवाज येतो, आणि तेवढ्यात मुलाचे काम संपलेले असते. पुढे पाहत राहायचे ते यंत्राकडे. साडेसात वर्षांच्या मुलाला हे कसे पुरणार? त्याला अशा उपकरणांकडे न्या, ज्यांत त्याचे स्वतःचे अंग कामाला लागते. उदाहरणार्थ, कप्प्यांच्या खुर्च्या. स्वतः खुर्चीत बसून दोर ओढायचा आणि स्वतःलाच वर उचलायचे. कप्प्या जितक्या जास्त तितका जोर कमी लागतो, पण दोर मात्र जास्त ओढावा लागतो. इथे तुमच्या पतींचा फार चांगला उपयोग होईल. त्यांना सर्वांत कमी कप्प्यांच्या खुर्चीत बसवा, मुलाला सर्वांत जास्त कप्प्यांच्या खुर्चीत, आणि कोण आधी वर जातो ते पाहा. बाबा घामाघूम झालेले असताना आपण अलगद वर गेलो, हे मुलगा वर्षभर विसरणार नाही. तसेच फिरते स्टूल. हात पसरून बसायचे, कोणीतरी हलकेच फिरवायचे आणि मग हात छातीशी घ्यायचे. वेग वाढतो तो पोटात कळतो, फलकावरून कळत नाही.

दुसरे असे की पहिली वीस-पंचवीस मिनिटे त्याला धावू द्या. नवीन घरात शिरलेले मांजर आधी सगळ्या खोल्या हुंगून येते, तसे हे आहे. कुठे काय आहे हे एकदा कळले की मग त्याला विचारा, आता परत कुठे जायचे? त्याने जे नाव घेतले असेल तिथेच तुमचा खरा वेळ जाऊ द्या. माझा अनुभव असा की दुसऱ्या फेरीत मुले तीन-चारच ठिकाणी जातात आणि तिथे ठिय्या देतात. पहिल्या फेरीतच त्यांना पकडून ‘नीट बघ’ म्हणत प्रत्येक फलकासमोर उभे केले तर दुसरी फेरी होतच नाही, कारण तोवर सगळेच कंटाळलेले असतात. कंटाळा केवळ मुलांनाच येतो असेही नाही. बॉस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली एका माणसाला कपाटातल्या वस्तू नीट पाहताना किती वाकावे, वळावे, मान मोडावी लागते त्याची छायाचित्रेच काढली आणि संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला. तुमच्या पतींचा वैताग काही अंशी पाठीचाही असू शकेल.

समजावून सांगण्याचा मोह हा सर्वांत अवघड भाग, आणि तो शिकलेल्या आईबापांना जास्त होतो. हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू पाहिला की आपल्याला लगेच बर्नुलीचे नाव आठवते आणि ते सांगून टाकले की कर्तव्य झाले असे वाटते. मुलाच्या हाती त्यातून एक कठीण नाव पडते आणि विषय बंद होतो. त्यापेक्षा विचारा, झोत थोडा तिरका केला तर चेंडू पडेल का? मग गप्प राहा. हे गप्प राहणेच कठीण असते, मी मनात वीसपर्यंत आकडे मोजत असे. झोत तिरका करूनही चेंडू पडत नाही हे पाहून तो स्वतःच पुढचा प्रश्न काढेल. अंतर्वक्र आरशासमोरही तेच करा. लांब उभे राहिले तर आपण उलटे दिसतो, आणि अगदी जवळ गेले तर सुलटे व मोठे. हे उलट्याचे सुलटे नेमके कुठे होते ती जागा पावलापावलाने पुढे जाऊन त्याला शोधू द्या आणि जमिनीवर पायाने खूण करायला सांगा. संध्याकाळी मामीच्या स्वयंपाकघरातला चकचकीत डाव त्याच्या हातात दिला तर आतल्या बाजूने उलटा आणि पाठीमागून सुलटा चेहरा त्याला आपोआप सापडेल. त्याने ‘असे का’ विचारले आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर येत नाही असे सरळ सांगा. चुकीचे उत्तर ठसक्यात देण्याची आपल्याकडे पुरुषांना जरा जास्त सवय असते, पण ते असो.

आता मुंबईत कुठे जावे. दोन लहान मुले आणि आजी असा लवाजमा असेल तर मी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र सुचवेन. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेचे हे केंद्र. आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, १९७९ मध्ये, तिथले उघड्यावरचे विज्ञान उद्यान सुरू झाले, आणि मुख्य इमारतीचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाले. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हे मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते उद्यान. झाडांच्या सावलीत, मोकळ्या जागेत मुलांना ओरडता येते, धावता येते आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला ‘हळू बोल’ म्हणावे लागत नाही. तेव्हा ऊन चढण्याआधी उद्यान आणि त्यानंतर आतली एक-दोनच दालने, असा क्रम ठेवा. होळी-दिवाळीच्या दिवशी केंद्र बंद असते, तेव्हा निघण्याआधी वेळेची खात्री करून घ्या. शाळांच्या सहली सुटीत नसल्या तरी सुटीची गर्दी असतेच, म्हणून उघडण्याच्या वेळीच पोचलेले बरे. मात्र त्यासाठी ठाण्याहून ऐन गर्दीच्या लोकलमध्ये मुलांना चेंगरून आणू नका. एक तर अगदी सकाळी निघून दादरला नाश्ता करा, नाहीतर रविवार निवडा.

लोअर परळला २०२३ मध्ये म्युझियम ऑफ सोल्युशन्स सुरू झाले आहे. तेही मुलांनी हाताने करून पाहण्याचे आहे, बंदिस्त आणि वातानुकूलित आहे, पण त्याचे तिकीट सरकारी केंद्राच्या मानाने बरेच जास्त आहे. जिथे तिकीट महाग असते तिथे ‘पैसे वसूल’ करण्याचे भूत मानगुटीवर बसते, आणि तुमच्या घरी ते आधीच बसलेले दिसते, म्हणून पहिल्या खेपेला मी ते टाळेन. काळ्या घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारातही २०१९ पासून मुलांसाठी वेगळे संग्रहालय आहे, ते मुलगा नऊ-दहा वर्षांचा झाला की जास्त रुचेल. एका दिवसात दोन ठिकाणे मात्र अजिबात करू नका. आणि ‘जाता जाता राणीची बाग’ असे कोणी सुचवले तर त्याला तिथेच हात जोडा.

काही बारीकसारीक गोष्टी आहेत, पण दिवस बिघडतो तो त्यांच्यापायीच. दोघा मुलांना दोन मोठी माणसे लागतात. तुम्ही धाकटीबरोबर आणि पती थोरल्याबरोबर असे सुरुवातीलाच वाटून घ्या आणि अर्ध्या वेळाने अदलाबदल करा, म्हणजे पतींनाही पाण्याशी खेळणारी मुलगी जवळून पाहायला मिळेल. साडेतीन वर्षांच्या मुलीची उंची मीटरभर असते. बरीच उपकरणे तिच्या डोळ्यांच्या वर येतात आणि तिला नुसते टेबलांचे पाय दिसत राहतात. अधूनमधून तुम्ही तिच्या उंचीवर वाकून पाहा, मग ती कशाला कंटाळली ते कळेल. अंधाऱ्या दालनाला आणि अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजांना या वयाची मुले घाबरतात. तिने दारात पाय रोवले तर आत ओढू नका, बाहेर थांबा. तिच्यासाठी कपड्यांचे दोन जोड, एक पंचा आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी घ्या. फ्रॉकऐवजी गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि बनियनसारखा शर्ट घातला तर निम्मी ओरड वाचेल. फोन नंबर तिच्या हातावर पेनाने लिहा. भूक लागायच्या आधी खायला द्या. चिवडा-लाडू पिशवीत असतीलच, पण खाण्याची परवानगी कुठे आहे ते दारातच विचारून घ्या. तिची दुपारची झोप एकची असेल तर साडेबाराला बाहेर पडायचे, मग समोर कितीही आकर्षक दालन उरलेले असो. अडीच तास पुष्कळ झाले.

निघण्याची वेळ आली की ‘अजून पाच मिनिटे’ असे म्हणू नका, कारण साडेतीन वर्षांच्या मुलीला मिनिटे कळत नाहीत. ‘आणखी तीन भांडी ओतायची आणि मग हात पुसायचे’ असे म्हणा आणि तीन मोजा. तिसरे भांडे ती मुद्दाम अगदी हळू ओतेल, तेवढे चालू द्या. या युक्तीने रडणे प्रत्येक वेळी टळते असे मी म्हणणार नाही, पण माझ्याकडे दहापैकी सात-आठ वेळा टळत असे. बाहेर पडताना खेळण्यांचे दुकान लागले तर एक छोटी वस्तू घ्यायची की काहीच नाही हे घरूनच ठरवून मुलांना सांगून ठेवा. दुकानाच्या दारात ठरवायला गेलात तर तुम्ही हरलात.

ठाण्याला परतताना ‘काय काय शिकलात?’ असे विचारू नका, आणि मामानेही विचारू नये असे त्याला आधी बजावा. ‘तुला परत काय करायला आवडेल?’ एवढेच विचारा. थोरल्याला हाताने काही करत राहायची गोडी लागलेली दिसली तर सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीतल्या काड्या आणून द्या. गुल काढून टाकलेल्या काड्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडत त्रिकोण, चौकोन, घर, मनोरा असे काय वाटेल ते उभे करता येते. चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही, हे त्याला तिथेच उमगेल. टाकाऊ वस्तूंपासून अशी शेकडो खेळणी अरविंद गुप्ता यांनी घडवली आणि पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते बरीच वर्षे मुलांना ती करायला शिकवत होते. त्या शोधिकेची वास्तू पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली आहे. नाशिकहून पुणे काही फार लांब नाही, तेव्हा पुढची सुटी तिकडे लावायला हरकत नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांना दालनादालनांतून चालवू नका, आणि ‘तुम्ही इथेच बसा’ म्हणून पिशव्या राखायलाही ठेवू नका. वरळीच्या उद्यानात वाफेच्या इंजिनाच्या जोडीला एक जुनी ट्राम ठेवलेली आहे. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ रोजी. परळला वाढलेल्या, आज बहात्तरीच्या बाईंनी लहानपणी ट्राम पाहिली असण्याचीच शक्यता जास्त, कदाचित वडिलांचे बोट धरून त्या तीत बसल्याही असतील. त्यांना आधी तिथे घेऊन जा, सावलीत बसवा आणि दोन्ही मुलांना त्यांच्याजवळ सोडा. दादरला अजून दादर टी. टी. का म्हणतात, म्हणजे ट्रामचे शेवटचे स्थानक तिथे कसे होते, हे तुम्ही सांगू नका. त्या सांगतील, आणि मुलाने मध्येच ‘मग ती वळायची कशी?’ असे विचारले तर उत्तरही त्यांनाच देऊ द्या.